रविवारी कॉलेजचं गेट उघडं ठेवा

गेल्या शनिवारी दुपारी आमच्या गच्चीवर आठ पोरं बिड्या वळत होती. हातात पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही. युवा महोत्सवासाठी त्यांचं मूकनाट्य बसतंय, बिडी वळणाऱ्या बाईच्या एका दिवसावर. त्यातला एक मुलगा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू बोलतो, आई बिड्या वळते. तो बाकीच्यांचे हात धरून शिकवत होता. भिजवून मऊ केलेलं पान असं धरायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, चिमटीतली तंबाखू सारखी पसरायची, अंगठ्यानं दाबत गुंडाळायचं, मग दोरा फिरवायचा. "हात चालव की बे, संध्याकाळपर्यंत हजार व्हायच्यात," असं तो एकाला म्हणाला, तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्या मुलीची एक मैत्रीण, जिचे आईवडील दोघंही डॉक्टर, अर्धा तास त्या एकाच हालचालीवर बसली होती. शेवटी म्हणाली, "अंगठा दुखायला लागला रे." तो म्हणाला, "आईचा रोजच दुखतो."

मी पाण्याची कळशी घेऊन वर गेले होते. तशीच जिन्याच्या दारात उभी राहिले.

ही पोरं माझ्या गच्चीवर का आली, ते सांगायला ही पोस्ट लिहितेय. माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. शहरातल्याच कॉलेजात. शनिवारी दीड वाजता त्यांच्या कॉलेजच्या गेटला कुलूप लागतं, ते सोमवारी सकाळी निघतं. महोत्सव तोंडावर आला तरी तालमीला वर्ग मिळाला नाही. आधी ती पोरं किल्ल्याच्या बागेत गेली. तिथं पाच मिनिटांत बघ्यांचं कोंडाळं झालं, दोन टवाळांनी मुलींचं मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, आणि रखवालदारानं हाकललं कुणाला, तर ह्यांनाच. मग सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसले. तिथं ऊन. ऑक्टोबरातलं सोलापूरचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. शेवटी मुलीचा फोन आला, "आई, गच्ची मोकळी आहे का गं?"

गच्ची मोकळी होती. पण सगळ्यांच्या घराला गच्ची नसते, आणि पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात आठ पोरांना दिवसभर पुरेल एवढं पाणी प्रत्येक घरात नसतं.

माझी भाची पुण्याला लिबरल आर्ट्स शिकते. वर्षाची फी लाखांत. दिवाळीत भेटते तेव्हा मी तिला खोदून खोदून विचारते, की तुम्ही नेमकं काय शिकता. इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, साहित्य, जोडीला थोडं नाटक, थोडं संगीत. मला कळेना, की ह्यात आमच्या बी.ए.पेक्षा वेगळं काय. विषय तर तेच! मग तिनं तिचा शनिवार-रविवार सांगितला. राहणं कॅम्पसमध्येच, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कॉलेज जास्तच गजबजतं. शनिवारी नाटकाच्या क्लबची तालीम, रात्री सिनेमा आणि त्यावर भांडणं, रविवारी कुणी टेकडीवर, कुणी वादविवादाला, आणि लायब्ररी उघडी. क्लब पोरंच चालवतात, क्लबला थोडे पैसे मिळतात, हिशेबही पोरंच ठेवतात. त्या दिवशी मला कळलं, की लाखांच्या फीमध्ये मोठा हिस्सा त्या रविवारचा आहे. वर्गात पुस्तकातून ऐकलेलं एकमेकांशी बोलून, भांडून, करून बघायला जी मोकळी जागा आणि मोकळा वेळ लागतो, त्याचे ते पैसे आहेत. आमच्या पोरांना तेच विषय आहेत, फक्त रविवारी कुलूप आहे.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. मी स्वतः इतिहास घेऊन इथंच बी.ए. केलं, 2003 साली. तीन वर्षांतलं वर्गातलं काय आठवतं म्हणाल, तर प्रामाणिकपणे, फार थोडं. पण एक रविवार लख्ख आठवतो. आमच्या सरांनी आम्हा चौदा जणांना हत्तरसंग कुडलला नेलं होतं. भीमा आणि सीना यांचा संगम, काठावर जुनी देवळं. सरांनी तिथल्या दगडावरचा शिलालेख दाखवला. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत तो गणला जातो, आणि तो उजेडात आणला आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. त्यातली ओळ आहे, 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो विजयी होईल. सर म्हणाले, डोळ्यांनी जमत नसेल तर बोटांनी वाचा. अक्षरांच्या खाचांतून एकेकीनं बोट फिरवलं. माझ्या शेजारी मंद्रूपकडची एक मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी. वर्गात तीन वर्षं ती शेवटच्या बाकावर गप्प. त्या दिवशी तिनं हरिहरेश्वराच्या देवळातल्या त्या 359 मुखांच्या शिवलिंगापुढं बसून आजीकडून ऐकलेलं बसवण्णांचं एक वचन कन्नडमधून म्हणून दाखवलं आणि आम्हाला अर्थ सांगितला. नंतर नदीकाठी डबे सोडले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. परत येताना ती माझी मैत्रीण झाली होती. आजही आहे.

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा चार अंगांनी राहतात. ज्या चार हुतात्म्यांच्या नावानं आपण चौक ओळखतो, ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, नावं वाचली तरी कळतं, की ही माणसं एका गल्लीतली नव्हती. 12 जानेवारी 1931 रोजी एकत्र फासावर गेली. आज एका वर्गातली पोरं बेल झाली की आपापल्या पेठेत, आपापल्या गावच्या एसटीत निघून जातात. एकत्र बसणार कधी?

मुलग्यांचं तरी बरं चालतं. कंबर तलावाचा कट्टा आहे, चहाची टपरी आहे, सात रस्त्याला गाडी लावून तासन् तास उभं राहता येतं. त्यांना कुणी विचारत नाही. मुलगी रविवारी घरी असली, की धुणं तिचं, दळण तिचं, पाहुणे आले की चहा तिचा. "कॉलेजला जाते" हे एकच कारण आपल्या घरांत अजून चालतं, आणि रविवारी नेमकं ते कारणच बंद असतं. वर्षातून एकदा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो, म्हणजे जत्रा, तेव्हा ह्या मुली पाळण्यात बसून मोकळ्यानं ओरडतात. एकदाच! एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सात दिवसांच्या शिबिरालाही हेच बघितलं. शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपलेल्या कितीतरी मुलींची ती घराबाहेरची पहिली रात्र असते. शिबिरावरून आलेली माझी मुलगी आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती.

प्राचार्यांना मी दोनदा भेटले. माणूस चांगला आहे. त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. रविवारी थांबणार कोण? निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर, त्यांना तासाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, त्यांच्याकडून रविवार मागायचा कोणत्या तोंडानं? हे मला पटतं. पण दुसरं कारण त्यांनी आवाज खाली करून सांगितलं, "मॅडम, मुलं-मुली एकत्र, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" हे मला अजिबात पटत नाही. गेटवर रखवालदार, गळ्यात ओळखपत्र, आत हॉल आणि स्वच्छतागृह, ही जागा मुलींना धोक्याची आणि तलावाकाठचा रस्ता सुरक्षित, असं कसं? कुलूप लावल्यानं मुलं भेटायची थांबत नाहीत. फक्त आपल्या नजरेआड भेटतात.

आता नव्या शैक्षणिक धोरणात खेळ, एनएसएस, सांस्कृतिक काम यांनाही क्रेडिट आहेत. मार्क द्यायचे आणि जागा द्यायची नाही, हे मला समजत नाही. पूर्वी विद्यार्थी प्रतिनिधी निवडून यायचे, ते तरी प्राचार्यांच्या दारात बसले असते. त्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. मग पोरांच्या वतीनं बोलणार कोण? आई-बापच.

माझं मागणं फार नाही. शनिवारी सहापर्यंत आणि रविवारी दहा ते पाच एक हॉल आणि वाचनखोली उघडी. मुलं रजिस्टरमध्ये सही करून येतील, स्वतः झाडून जातील. जे प्राध्यापक थांबतील त्यांना बदली सुट्टी. रखवालदाराच्या जादा पगाराला आम्ही काही पालक दरमहा वर्गणी काढायला तयार आहोत, तसं मी लिहून दिलंय.

सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही सात पालक पुन्हा प्राचार्यांकडे जातोय. ज्यांची मुलं त्या कॉलेजात आहेत त्यांनी मला मेसेज करा, गेटवर भेटू. आणि महोत्सव होईपर्यंत आमची गच्ची आहे. येत्या शनिवारी पोरं दोन वाजता येणार आहेत. त्या मुलाची आई पण येतेय, हात बरोबर चालतायत का बघायला.