तुरटीने पाणी निवळतं, शुद्ध होत नाही

पावसाळा लागला की आमच्या चिपळूणकडच्या ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: पुरात नळ बंद पडले तर घाबरू नका. पाणी चार पदरी फडक्यातून गाळा, तुरटी फिरवा, तांब्याच्या कळशीत अर्धा तास ठेवा, उकळायची गरज नाही. पागोळीचं पाणी तर तसंच प्या. क्लोरीन टाळा, त्याने कॅन्सर होतो.

यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच लोक फसतात.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं होतं. हंड्यात तुरटीचा खडा फिरवला, तासाभराने चिखल तळाला आणि वर इतकं नितळ पाणी की सरळ तांब्या बुडवावा. आईने हात धरला, "आधी चुलीवर ठेव." तुरटी मातीचे कण एकमेकांना चिकटवून खाली बसवते. काही जंतू त्यांच्याबरोबर बसतात, सगळे नाही. आणि शेजारचा शोषखड्डा बुडालेला असताना उरलेलेही पुरेसे होतात.

फडक्याचं म्हणाल तर बांगलादेशात जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्याने घटला होता, हे खरं. तो जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतो आणि ते जीव फडक्यात अडकतात. काविळीचा विषाणू मात्र आरामात पलीकडे जातो.

तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात, पण त्याला तासन्‌तास लागतात. अर्ध्या तासात पाणी फक्त गार होईल.

पागोळीचं पाणी ढगातून येतं खरं, पण कौलांवरचं शेवाळ, कुजका पाला आणि कावळ्यांची शीट धुऊन येतं. पहिल्या सरी वाहू द्या, मग भरा, आणि तेही उकळा. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळा म्हणणाऱ्यांनी पुरात भिजलेलं सरपण पेटवून बघावं!

सरपणच नसेल तर क्लोरीन. तुरटी आणि फडकं इथे खरे कामाला येतात: गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्ची पडतं, म्हणून आधी निवळायचं, गाळायचं, मग मेडिक्लोरचे (बाटलीत मिळणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. किंचित वास उरला तर औषध पुरलं म्हणायचं. कॅन्सरची भीती वर्षानुवर्षांच्या सेवनाबद्दलची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो धोका निर्जंतुक न केलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे फारच लहान आहे. हगवण दोन दिवसांत गाठते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं मात्र बघून घ्या. उघडं राहून सर्दावलेल्या पावडरीत जोर उरत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: उधाणाचं पाणी विहिरीत शिरून ती खारी झाली, किंवा पाण्यावर डिझेलचा तवंग दिसला, तर यातलं काहीच चालत नाही. खारं पाणी आटवलं की जास्तच खारं होतं. अशा वेळी टँकरची वाट बघायची, नाहीतर पागोळीखाली हंडा लावायचा.