नाटकाचा मॅनेजर होऊ घातलेल्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी

तर तुम्हाला नाटकाचा मॅनेजर व्हायचंय. उत्तम. घरी विचारलंय का? नसेल विचारलं तर विचारूही नका, निदान लग्न ठरेपर्यंत तरी.

हल्ली या धंद्याला परफॉर्मिंग आर्ट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणतात म्हणे. त्याचे कोर्स निघालेत, फी भरायची, गळ्यात ओळखपत्र अडकवायचं. आमच्या वेळी याला ‘नाटकवाल्यांबरोबर फिरतो’ एवढंच म्हणायचे. जाहिरातीत सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात ‘सूत्रधार’ म्हणून आमचं नाव असतं. लोकांना वाटतं, नांदी म्हणणारा कुणी असेल. प्रत्यक्षात आमच्या हातात सूत्र नसतं, सुतळी असते. तारखा मिळवा, सेटचा टेम्पो सांगा, खुर्च्यांचा प्लॅन घेऊन तिकीट-खिडकीवर बसा, नटांच्या नाइटची, म्हणजे प्रयोगामागच्या मानधनाची, पाकिटं भरा, कपडेपटाची इस्त्री वेळेत आली का बघा आणि कुणाची तरी राहिलेली मिशी दादर मार्केटात शोधत फिरा. मी एकवीस वर्षं फिरतोय. अनुभवी माणसाने दोन शब्द सांगावेत, म्हणून लिहायला बसलो. नाहीतरी गेल्या रविवारपासून झोप लागत नाहीये.

पहिली गोष्ट, रविवार. मुंबईतलं मराठी नाटक शनिवार-रविवारवर जगतं, त्यामुळे तुमचा रविवार गेला. बारसं, मुंज, साखरपुडा, मित्राची साठी, सगळीकडे बायको एकटी जाईल आणि ‘हे प्रयोगावर आहेत’ असं सांगेल. ऐकणाऱ्याला ते विज्ञानाचे प्रयोग वाटतील. बरं, वर्षाचे बावन्न रविवार तरी आपले का? गणपतीतले वजा करा, दिवाळीच्या खरेदीतले करा, दहावी-बारावीतले करा, आयपीएलची फायनल करा, पाणी तुंबतं ते दोन-तीन करा. जे उरतील त्यांवर रेल्वेचा मेगाब्लॉक. डोंबिवलीचा माणूस साडेतीनच्या प्रयोगासाठी दीडला घर सोडतो आणि तीन वीसला ठाण्याच्या अलीकडून फोन करतो, ‘आम्ही आठ जण आहोत, पाच मिनिटं थांबवाल का हो?’ थांबवायचं. आतून मुख्य नट ओरडेल, बाहेर वेळेवर आलेले प्रेक्षक ओरडतील. तुम्ही दोघांकडे बघून एकच हसू हसायचं. ते आरशासमोर आधी बसवून ठेवा.

दुसरी गोष्ट, तारीख. ‘तारीख मिळाली’ म्हणजे तारीख मिळाली असं समजायचं नाही. आधीच नाट्यगृहं मोजकी. परळचा दामोदर हॉल नोव्हेंबर २०२३ पासून बंद. रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणाला गेलं, ते फेब्रुवारी २०२५ संपता संपता उघडलं. तोवर सगळ्या नाटकांची गर्दी उरलेल्या चार ठिकाणी. अशात तुम्ही अर्ज करून, भाडं भरून, काही महिने आधी एक रविवार पदरात पाडून घेता आणि गुरुवारी दुपारी फोन येतो, ‘साहेबांचा कार्यक्रम लागलाय, तुमची तारीख काढली.’ कोणते साहेब ते विचारायचं नाही. दीडशे तिकिटं गेली आहेत हे सांगायचं नाही. ‘हो का? वा वा’ म्हणायचं. साहेबांच्या कार्यक्रमात मराठी रंगभूमीच्या वैभवशाली परंपरेवर भाषण असतं. त्याला शक्य झाल्यास हजर राहा.

फाइल कायम जवळ ठेवा. नाटक तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र त्यात हवं. नाटकाची संहिता घरी राहिली तरी चालेल, नटांना ती बहुतेक पाठ असते.

प्रयोगाच्या दिवशी साबुदाणा खाऊ नका. का, ते विचारू नका.

एसीचं असं की ए रांगेत गारठतं आणि बाल्कनीत उकडतं. दोघांनाही ‘सांगतो’ म्हणायचं. ज्याला सांगायचं तो जेवायला गेलेला असतो.

पैशांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही अजून तयार नाही. तिकीट पाचशेपर्यंत असेल तर जीएसटी नाही, वर गेलं की अठरा टक्के. म्हणून पुढच्या रांगा पाचशेवर येऊन थांबतात आणि डिझेल थांबत नाही. थिएटरचं भाडं, पेपरातली जाहिरात, नाइट, लाइट, बॅकस्टेज, टेम्पो, चहा-वडे हे सगळं गेल्यावर निर्माता विचारतो, ‘काय उरलं?’ ‘तीन वडे’ हे खरं उत्तर आहे. तुमचे पैसे प्रयोगाला प्रयोग. प्रयोग नाही, पैसे नाहीत. मार्च २०२० मध्ये पडदा पडला. मध्ये थोडे दिवस उघडल्यासारखं झालं, पुन्हा बंद झालं आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर परत सुरू झालं. तेवढ्या काळात मी लोकांच्या घरी फराळाचे डबे पोचवले आणि आमचा लाइटवाला भाजीची गाडी लावत होता. हे तुमच्या कोर्समध्ये असेलच.

तिसरी गोष्ट, पास. इथे नीट लक्ष द्या. हे एक जमलं की बाकी काही आलं नाही तरी चालतं.

पास मागणारा माणूस कधीही गरीब नसतो. गरीब माणूस खिडकीशी येऊन बाल्कनीचे किती विचारतो, आकडा ऐकतो, बायकोकडे बघतो आणि तिकीट काढतो किंवा गुपचूप जातो. पास मागणाऱ्याला गाडी कुठे लावायची हेही तुमच्याकडूनच हवं असतं. तो मागत नाही. ‘बघ ना, जमतंय का,’ म्हणतो. ‘आम्हाला कुठेही चालेल,’ म्हणतो आणि आठवी रांग दिली की पाकीट उलटसुलट करून बघतो. त्याला फक्त दोन हवे असतात. शनिवारी रात्री दोनाचे चार होतात, कारण मेव्हणी आलेली असते. एकवीस वर्षांत मेव्हणी आली नाही असा एक शनिवार मला आठवत नाही.

त्याला नाही म्हणायचं नाही. तो वॉर्ड ऑफिसात असतो, बँकेत असतो, तुमच्या पोराच्या शाळेत असतो, तुमच्याच जिन्यात असतो. इकडे निर्मात्याने मोजून दिलेल्या सन्मानिका, म्हणजे खरे फुकट पास, बुधवारीच संपलेल्या. मग तुम्ही काय करायचं? स्वतःच्या खिशातून तिकिटं काढायची, पाकिटात घालायची, वर त्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहायचं आणि फोनवर आनंदाने सांगायचं, ‘पास ठेवलेत हं खिडकीवर!’ हो, असंच चालतं. तुम्हाला आयुष्यात मिळालेल्या पासांपैकी पुष्कळ पास म्हणजे कुणीतरी स्वतःच्या पैशांनी काढलेलं तिकीट होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं. वाटलं असतं ना?

आता इतिहास. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत खेळ केला तो राजाच्या आश्रयाने. १८५१ मध्ये ते राजे, चिंतामणराव पटवर्धन, गेले, आश्रय आटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केला. म्हणजे राजा गेला तेव्हा तिकीट आलं. प्रेक्षकाने तिकीट काढलं म्हणून मंडळी जेवली आणि जेवली म्हणून पुढचा खेळ झाला. इतकं सोपं आहे हे. त्याला एकशे सत्तरच्या वर वर्षं झाली, तरी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ही बातमी अजून पोचलेली नाही.

लिफ्टमध्येच भेटले ते. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दाताचे डॉक्टर, शनिवारी संध्याकाळी. ‘उद्या दादरला आहे ना तुमचं? शिवाजी मंदिर? बघा ना, जमतंय का. सहाच.’ सहाच! दुपारी साडेतीनचा प्रयोग, बुकिंग जोरात, सन्मानिका संपलेल्या. पण गेल्या वर्षी आमच्या मातोश्रींना रात्री घेरी आली तेव्हा त्यांचीच गाडी मिळाली होती. नाही कसं म्हणू? सी रांगेतली शेवटची सहा मी माझ्या नावावर घेतली. सहा पाचशे तीन हजार. एका प्रयोगाचे मला मिळतात त्याहून जास्त. पाकीट केलं, नाव घातलं, खिडकीवर दिलं.

रविवारी अडीचला हाऊसफुल्लचा बोर्ड लागला. महिन्याभरात पहिल्यांदा. बॅकस्टेजच्या पोरांनी त्याचा फोटो काढला. तीनच्या पुढे एक आजोबा-आजी जिन्याशी आले. बदलापूरहून, ब्लॉकमध्ये दोनदा गाडी बदलून. आजींनी गजरा माळला होता. नाटकाला म्हणून माळलेला गजरा अलीकडे दिसत नाही, म्हणून लक्षात राहिला. आजोबांनी शर्टाच्या खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून हातातच धरल्या होत्या, घडी न मोडता. ‘एखादं परत आलंय का? वेगवेगळे बसू आम्ही. हिला पुढे द्या, मी कुठेही बसतो.’ मी पाकिटाकडे बघितलं. डॉक्टरांना फोन लावला. वाजत राहिला. दुसरी घंटा झाली तेव्हा परत लावला. आजोबांना म्हटलं, ‘नाही हो, एकही नाही.’ ते म्हणाले, ‘असू दे. हाऊसफुल्ल आहे हे चांगलंच आहे.’ दोघांनी एक वडा वाटून खाल्ला आणि गेले.

तिसरी घंटा झाली, अंधार झाला, पडदा वर गेला. मी मागच्या दाराशी उभा होतो. गच्च भरलेलं थिएटर आणि रंगमंचावरचा उजेड पडतो बरोबर तिथे, सी रांगेत, सहा खुर्च्या. पुढचे दात पडल्यासारख्या. मध्यंतरात आमच्या मुख्य अभिनेत्रीबाई विंगेत आल्या आणि मला म्हणाल्या, ‘सी रांगेत कोण मेलंय?’

रात्री दहाला मेसेज आला. ‘सॉरी हं, ऐन वेळी पाहुणे आले. नाटक काय, परत होईलच! पुढच्या रविवारी कुठे आहे? चार चालतील.’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

चौथी गोष्ट काय सांगणार होतो ते आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

डॉक्टर, माझी खालची डावी दाढ तुमच्या हातची आहे. रूट कॅनल आणि कॅप, साडेआठ हजार. तुमच्या खुर्चीत आ वासून पडलेलो असताना मी ‘बघा ना, जमतंय का’ म्हटलं नव्हतं. मेव्हणीच्या दोन दाढाही त्यातच बसवा, असंही म्हटलं नव्हतं. पैसे मोजले, पावती घेतली, कारण तुम्ही शिकलात, राबलात, तुमच्या कंपाउंडरला पगार द्यायचा असतो. आमच्याही पोरांना असतो. सेट लावणारा पोरगा सकाळी आठपासून उभा असतो, संध्याकाळचा प्रयोग संपवून, सेट टेम्पोत चढवून रात्री शेवटच्या गाडीने विरारला जातो. तो काय तुमच्या करमणुकीसाठी समाजसेवा करतो? आणि फुकट हवंच होतं, तर निदान यायचं तरी! यायला जमत नाही तर एक फोन करायचा! बोटं झिजली असती? पाहुण्यांना चहा देता देता दोन ओळी टाकता आल्या असत्या. त्या दोन ओळींत दोन माणसं आत बसली असती.

आणि हे एकट्या डॉक्टरांना नाही. हसताय काय, तुम्हालाही सांगतोय. लॉकडाऊनमध्ये ‘रंगभूमी जगली पाहिजे’ लिहिणारे तुम्हीच. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा पाठवणारे आणि त्याच मेसेजखाली ‘या आठवड्यात दोन मिळतील का’ विचारणारेही तुम्हीच. आमचा लाइटवाला भाजी विकत होता ना, त्याच्याकडेही वरून कोथिंबीर तुम्हीच मागितली असणार. ऐपत नाही म्हणून मागत असाल तर खुशाल मागा, मी हसत हसत देईन, माझ्या पैशांनी देईन. तुम्ही ऐपत आहे म्हणून मागता. फुकट मिळालं की तुम्हाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. लाज वाटायला हवी. मलाही वाटली पाहिजे. एकवीस वर्षं पाकिटं करून करून ही सवय तुम्हाला मीच लावली, आणि त्या बदलापूरच्या आजोबांचा साधा नंबरही मी घेतला नाही.

पुढच्या रविवारी बोरिवलीला आहे, प्रबोधनकार ठाकरे, दुपारी चार. खिडकी सकाळी साडेआठला उघडते, संध्याकाळी पुन्हा पाचला. बाल्कनी तीनशे. सुटे आणा.