‘अंधांना वेबसाइट कशाला?’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. शहराचं नाव बदलतं, मजकूर तोच: पालिकेची वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून लाखो रुपये उधळले जाणार आहेत. ज्याला दिसतच नाही तो वेबसाइट काय बघणार. असे लोक शहरात असून असून किती. त्यांची कामं घरचे करतातच. कायद्याची सक्ती काही नाही. आधी फुटपाथ नीट करा. खाली अंगठे आणि टाळ्या. तो पुढे ढकलणारी माणसं वाईट नाहीत, काही माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. पण हा मेसेज ज्यांच्याबद्दल आहे ते लोकही त्याच ग्रुपांवर आहेत. त्यांच्या फोनने त्यांना तो वाचून दाखवलाय.

‘दिसत नाही तो वेबसाइट काय बघणार’ याचं उत्तर त्यातच आहे. तो बघत नाही, ऐकतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर फोनबरोबरच येतं, वेगळे पैसे पडत नाहीत. संगणकासाठी एनव्हीडीए आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. तेही मोफत आहे, आणि मराठी वाचतं. सरावलेला माणूस ते इतक्या वेगात ऐकतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

वेबसाइट तपासणं हे माझं काम आहे. एका पालिकेचं घरपट्टी भरायचं पान एनव्हीडीएवर असं ऐकू येतं: ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. ग्राफिक. एडिट, ब्लँक. बटन.’ संपलं. डोळस माणसाला पहिल्या चौकटीच्या वर ‘मालमत्ता क्रमांक’ दिसतं, दुसरीच्या वर ‘प्रभाग’. पण ते शब्द त्या चौकटींना कोडमध्ये जोडलेलेच नाहीत, त्यामुळे कुठल्या चौकटीत काय भरायचं हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मधलं ‘ग्राफिक’ म्हणजे कॅप्चा, वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. ते ऐकायची सोय दिलेली नाही. म्हणजे बिल किती आलंय हे समजायच्या आधीच दार बंद.

सूचनांचं पान तर त्याहून वाईट. ‘उद्या अमुक भागात पाणी येणार नाही’ ही सूचना आधी संगणकावर टाइप होते, मग छापली जाते, सही होते, गोल शिक्का बसतो, आणि ती स्कॅन करून पीडीएफ म्हणून वर चढते. आता तो मजकूर राहिला नाही, कागदाचा फोटो झाला. स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचत नाही. जिथे स्कॅन नसतं तिथे जुने फॉन्ट आडवे येतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं असतो, आणि कानावर तेच पडतं. देवनागरी अक्षर प्रत्येक संगणकाला देवनागरी म्हणूनच ओळखता यावं यासाठीची युनिकोड पद्धत येऊन इतकी वर्षं झाली, तरी सरकारी कचेऱ्यांतून हे फॉन्ट पुरते गेलेले नाहीत याचा मला मनापासून संताप येतो. शिवाय कित्येक मराठी पानांच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ नोंदवलेली असते. एका शब्दाची दुरुस्ती, पण ती न केल्यामुळे काही फोनवर इंग्रजी आवाज देवनागरीला झटू लागतो, किंवा सरळ गप्प बसतो.

‘असे लोक किती?’ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार लोकांची दिव्यांग म्हणून नोंद झाली. त्या वेळी अपंगत्वाचे ८ प्रकार मोजले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ आहेत. आणि प्रश्न फक्त अंधांचा नाही. हात थरथरणाऱ्याला माउस धरता येत नाही, तो टॅब बटणाने एकेक दुव्यावर जातो. माउस नेल्याशिवाय उघडतच नाही असा मेनू त्याच्यासाठी नसल्यातच जमा. ऐकू न येणाऱ्याला आयुक्तांच्या व्हिडिओखाली मजकूर हवा. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं दिसत नाहीत, आणि ते कुठल्याच यादीत नाहीत.

‘घरचे करतातच की.’ हे वाक्य सगळ्यांत प्रेमाने म्हटलं जातं, आणि मला सगळ्यांत जास्त तेच खटकतं. घरपट्टी भरताना काय काय हातातून जातं ते बघा: मोबाइलवर आलेला ओटीपी, यूपीआयचा पिन, बँकेचा तपशील. स्वतःला करता आलं नाही की हे सगळं मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला, नाहीतर नेट कॅफेवाल्याला सांगायचं. एकीकडे बँक आणि पोलीस रोज बजावतात की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि दुसरीकडे पालिकेचं पान अंध नागरिकाला तो सांगायला भाग पाडतं. ज्याचे नातेवाईक परगावी आहेत, किंवा ज्याचं घरातल्यांशीच जागेवरून भांडण आहे, त्याने काय करायचं? मालमत्तेच्या नोंदीत नाव कुणाचं आहे हे स्वतःचं स्वतः तपासता येणं ही लहान गोष्ट नाही. पैसे मिळवणारी, घर चालवणारी, कर भरणारी दिव्यांग माणसं आहेत. बिल स्वतः भरता यावं यासाठी त्यांना कुणाच्या सवडीची वाट का बघावी लागावी?

इथेच आणखी एक. पालिकांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असा राज्यात नियम आहे. त्या निधीतल्या योजनेचा अर्ज मी एका पालिकेच्या वेबसाइटवर उघडला, तर तो तिरका स्कॅन झालेला कागद निघाला. ज्यांच्यासाठी योजना, त्यांनाच अर्ज वाचता येत नाही.

खर्चाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, फक्त मेसेज बोट भलतीकडे दाखवतो. पैसा वाया जातो तो वेबसाइटवर वरून चिकटवायच्या तयार विजेटवर. कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारली की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात, आणि कंत्राटदार ‘काम झालं’ म्हणून बिल लावतो. खालचं पान तसंच राहतं. ‘एडिट, ब्लँक’ हे ‘एडिट, ब्लँक’च. असं विजेट विकणाऱ्या ॲक्सेसीबी या कंपनीला, आपलं उत्पादन कुठलीही वेबसाइट दिव्यांगांना वापरता येण्याच्या निकषांत बसवतं असा फसवा दावा केल्याबद्दल, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. तेव्हा अशा खरेदीला विरोध कराच, मीही करते. पण खरं काम वेगळं आहे: चौकटींना नावं जोडणं, चित्रांना वर्णन देणं, अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक ठेवणं, सूचना युनिकोडमध्ये टाइप करून स्कॅन न करता थेट पीडीएफ करणं आणि त्यावर डिजिटल सही घेणं. शेवटच्या कामाला तर फारसे पैसे लागत नाहीत, उलट छपाईचा कागद वाचतो. वेबसाइट नव्याने बनत असताना हे सगळं करून घेतलं तर त्याचं ओझं जाणवत नाही. बनून झाल्यावर तोडफोड करायची म्हटलं तर खर्च येतो, म्हणून अट निविदेतच हवी: वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक पाळलं जाईल, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांकडून तपासून घेतल्याशिवाय अंतिम बिल निघणार नाही.

‘सक्ती नाही’ हे साफ खोटं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. कलम ४२ सांगतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा यासाठी सरकारने उपाय करायचे. कलम ४६ ने सरकारी आणि खासगी सेवा देणाऱ्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०१९ मध्येच सरली. कलम ८९ मध्ये दंड आहे: पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, पुन्हा केल्यास किमान ५० हजार ते ५ लाख. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीवजा ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक नियम करा. आणि ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरलं. त्यातल्या याचिकाकर्त्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या होत्या. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापणी मिटून दाखवायची अट त्यांना पुरी करता येत नव्हती.

राहिला फुटपाथ. तो नीट व्हायलाच हवा, यावर वाद नाही. पण ज्याला त्या फुटपाथवरून काठी घेऊन किंवा व्हीलचेअरवरून पालिकेपर्यंत जाता येत नाही, त्यालाच घरबसल्या काम होण्याची गरज सगळ्यांत जास्त आहे. शिवाय फुटपाथची तक्रारही आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइनच नोंदवायची असते. फरशी कुठे उखडली आहे हे तिथे नकाशावर टाचणी टोचून दाखवावं लागतं, आणि अंध माणसाला नेमकं तेच जमत नाही. त्या नकाशाशेजारी पत्ता टाइप करायला एक चौकट द्या, आणि तिला नाव जोडा.