'मशीन लावलं की झालं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा उघडायच्या सुमारास इंदूरच्या मराठी ग्रुपांमध्ये एक मेसेज हमखास फिरू लागतो. राजेंद्रनगरातल्या काकू तो पाठवतात, सुदामानगरातले काका पुढे ढकलतात आणि दोन दिवसांत माझ्याकडे येणारे पालक तोच फोनवर उघडून दाखवतात. 'ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या पालकांनो, घाबरू नका' अशी त्याची सुरुवात आहे. पुढचं म्हणणं थोडक्यात असं: मशीन म्हणजे कानाचा चष्मा, लावलं की मूल इतरांसारखंच ऐकतं. शाळेत पहिल्या बाकावर बसवा आणि टीचरना मोठ्याने बोलायला सांगा. एक कान चांगला असेल तर काहीही करायची गरज नाही. घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला. खुणांची भाषा शिकवू नका, मूल बोलायचं थांबतं. आणि ऑडिओलॉजिस्टकडे पैसे घालवू नका, मोबाईलवर टेस्ट करून मशीन ऑनलाइन मागवा.

लिहिणाऱ्याला धीरच द्यायचा असेल. पण मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवणारी आहे, शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर काम करते, आणि या मेसेजमुळे मुलांचे महिनेच्या महिने वाया जाताना पाहते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'मशीन म्हणजे कानाचा चष्मा.' सगळा घोटाळा इथून सुरू होतो. चष्मा लागतो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्याचा पडदा शाबूत असतो. फक्त प्रतिमा नीट जुळत नसते, ती काच जुळवून देते. कायमची श्रवणहानी असलेल्या बहुतेक मुलांमध्ये बिघाड आतल्या कानात असतो, शंखाच्या आकाराच्या कॉक्लियात. तिथल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मशीन आवाज वाढवून आत पोचवतं. पण आवाजांची बारीक छाननी करणाऱ्या पेशीच कमी असतील तर वाढवलेला आवाजही धूसर राहतो. शिवाय मशीन टीचरचं बोलणं वाढवतं तसा पंख्याचा घरघराटही वाढवतं. नव्या यंत्रांत गोंगाट कमी करायची सोय असते, पण चाळीस मुलांच्या वर्गात तिलाही मर्यादा येतात.

चौथीतल्या एका मुलीची वही मला तिच्या आईने आणून दाखवली होती. गणिताच्या तासाला मॅम तोंडी उदाहरणं सांगत होत्या, 'साठ में से आठ घटाओ.' मुलीने लिहिलं होतं 8 – 8 = 0. खाली लाल शेरा, 'ध्यान नहीं देती'. वजाबाकी तिने बरोबर केली होती. तिच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, खालच्या पट्टीतले आवाज बरे होते, 2000 हर्ट्झच्या पुढे रेघ एकदम खाली गेलेली. 'आ' खालच्या पट्टीतला, जोरकस. 'स'ची बरीचशी ताकद 4000 हर्ट्झच्या वर आणि तो स्वरांपेक्षा कितीतरी हळू. मॅम फळ्याकडे तोंड करून बोलत असल्या की तिच्यापुरता 'साठ'चा 'आठ' होत होता. तिच्या कानाला मशीन होतं, चालूही होतं. पण वरच्या पट्टीचं सेटिंग कमी पडत होतं आणि ते शोधायला कुणी तिला वर्गात ऐकताना पाहिलंच नव्हतं. सेटिंग बदललं, आकडे बोलताना फळ्यावरही लिहायचे असं मॅमनी ठरवलं, आणि त्यांनी स्वतःहून तो शेरा खोडला. मला या मॅमचं फार कौतुक आहे.

'पहिल्या बाकावर बसवा, मोठ्याने बोला.' पुढे बसणं मागे बसण्यापेक्षा चांगलंच, याबद्दल वाद नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागी आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. टीचरचा आवाज एक मीटरवर 65 डेसिबल असेल तर चार मीटरवर तो 53 च्या आसपास येतो, आणि भरल्या वर्गाचा गोंगाट सहज तेवढा असतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो, पण तोच शब्दांवर शब्द चढवतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी टीचरचा आवाज गोंगाटाच्या वर निदान 15 डेसिबल असावा असं आमच्या क्षेत्रात मानतात. अमेरिकेतल्या मानकानुसार रिकाम्या वर्गातला आवाज 35 डेसिबलच्या आत आणि घुमण्याचा काळ 0.6 सेकंदाच्या आत हवा. आपल्याकडचे वर्ग डोळ्यांसमोर आणा: कोटा फरशी, उघड्या भिंती, चार पंखे, खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न.

पण टीचर एका जागी उभ्या राहत नाहीत. शिवाय वर्गात फक्त टीचर बोलत नाहीत. मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिलं, सगळे हसले, आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला ना उत्तर कळलं ना हसण्याचं कारण. म्हणून मी बहुतेकदा दुसरी रांग सुचवते, थोडी बाजूला, बरा कान टीचरकडे, पाठ खिडकीकडे, म्हणजे मान वळवली की बाकीच्यांचे चेहरे दिसतात.

मोठ्याने बोलण्याचं तर उलटंच होतं. ओरडताना स्वर वाढतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, ओठांचे आकार बिघडतात. आणि आतल्या कानाच्या बिघाडात हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच टोचतो. नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश, चेहरा मुलाकडे ठेवून बोलणं सर्वांत उपयोगी. तेवढ्यावरही भागत नाही, कारण ओठांवरून सगळं वाचता येत नाही: प, फ, ब, भ, म ओठांवर जवळपास सारखे दिसतात आणि क, ग, ह तर दिसतच नाहीत.

यावर खरा उपाय आहे तो टीचरच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या यंत्रात त्याचा रिसीव्हर. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, म्हणजे मूल कुठेही बसलं तरी आवाज वीतभरावरून आल्यासारखा पोचतो. तो महाग आहे, हे खरं. तो नसेल तर खिडकीला जाड पडदा, भिंतीवर कापडाने मढवलेले फलक, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, यानेही फरक पडतो. कोणत्या वर्गात काय लागेल हे तिथे जाऊन, ऐकून, मोजून ठरवायचं असतं. माझ्या कामाचा मोठा भाग हाच आहे.

'एक कान चांगला असेल तर काहीच करू नका.' अमेरिकेत फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांनी 1980 च्या दशकात अशाच मुलांचा अभ्यास केला. एका कानाने ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं शाळेत निदान एका इयत्तेत मागे राहिली होती. आवाज कुठून येतोय हे ओळखायला आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला दोन कान लागतात. आपल्या 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ऐकू कमी येण्याची व्याख्या दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची श्रवणहानी अशी आहे, त्यामुळे ही मुलं प्रमाणपत्रात बसत नाहीत. कानात पाणी साठून सर्दीच्या दिवसांत ऐकणं कमी-जास्त होणारी मुलंही बसत नाहीत. वर्गात मात्र दोघांचंही शिकणं बुडतं.

आता ज्या मुद्द्याने मी हे लिहायला बसले तो. 'घरात मराठी बंद करा.'

इंदूरच्या मराठी घरात मूल आजीशी मराठी बोलतं, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी-हिंदी. श्रवणहानी कळली की कुणीतरी सांगतं, मुलाला एवढ्या भाषा झेपणार नाहीत, घरातली सोडा. मग आई, जिचं सगळं लाडाचं, रागाचं, गोष्टींचं बोलणं मराठीत आहे, ती मुलाशी मोजकी, पुस्तकी हिंदी बोलू लागते. आजी तर गप्पच होते. घरात दिवसभर कानावर पडणारं बोलणं निम्म्यावर येतं. ज्या मुलाला आधीच कमी शब्द पोचतात, त्याचे उरलेलेही आपण काढून घेतो.

भाषा एक की दोन यापेक्षा किती बोलणं कानावर पडतं, ते किती जिवंत आहे, आणि यंत्र दिवसभर कानात आहे की नाही, यावर मुलाची भाषा वाढते. वेळेवर यंत्र किंवा इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसलेली आणि दोन्ही भाषा भरपूर ऐकणारी मुलं दोन भाषा शिकतात. दुसऱ्या भाषेने पहिलीचं नुकसान होतं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही.

गोंधळाचं एक कारण मला दिसतं. सीबीएसई विशेष गरजांच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या भाषेतून सूट देतं, तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त देतं. ही सूट परीक्षेच्या विषयाची आहे आणि गरज असेल तर ती जरूर घ्यावी. स्वयंपाकघरातल्या बोलण्याशी तिचा काही संबंध नाही. पोळी लाटता लाटता 'पीठ सांडलं बघ, फडकं आण' म्हणणं, आज्जीने रात्री चिऊ-काऊची गोष्ट सांगणं, हे चालू ठेवा. मशीन कानात असताना, समोरासमोर, टीव्ही बंद करून.

खुणांच्या भाषेबद्दल थोडक्यात. तिच्यामुळे बोलणं थांबतं हे खरं नाही. लहानपणी मुलाला एक तरी भाषा पूर्ण मिळणं सगळ्यात महत्त्वाचं, मग ती कानाने मिळो वा हातांनी. ज्यांना यंत्राने पुरेसं ऐकू येत नाही त्यांच्यापासून भारतीय सांकेतिक भाषा लपवून ठेवणं अन्यायाचं आहे.

'मोबाईलवर टेस्ट करा, मशीन ऑनलाइन मागवा.' मोबाईलवरची चाचणी फार तर शंका दाखवेल. कानात मळ आहे, पडद्यामागे पाणी आहे की आतल्या कानात बिघाड आहे, हे ती सांगत नाही, आणि पहिल्या दोन्हींवर आधी डॉक्टरी उपचार लागतात. मुलाची कानाची नळी लहान असते, त्यामुळे तेच मशीन मोठ्यापेक्षा त्याच्या कानात जास्त आवाज निर्माण करतं. जास्त लावलं तर उरलेलं ऐकणंही बिघडू शकतं, कमी लावलं तर 'साठ'चा 'आठ'. म्हणून पडद्याजवळ आवाज मोजून सेटिंग करतात. वाढत्या वयात कान मोठा होतो, मोल्ड (मशीनचा कानाच्या मापाचा साचा) सैल पडतो, मशीन शिट्टी मारू लागतं, आणि वर्गात सगळे वळून बघतात म्हणून मूल ते काढून दप्तरात टाकतं. मोल्ड बदलला की प्रश्न सुटतो, पण कुणी तरी विचारायला हवं. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, बॅटरीचा स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, रोज सकाळी आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज तोंड झाकून म्हणायचे आणि मुलाने ते परत म्हणायचे, हे आम्ही आई-वडिलांना आणि टीचरना शिकवतो. सहा आवाजांना अर्धं मिनिट लागतं आणि 'स' गळला की त्याच दिवशी कळतं.

ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती जरूर विचारा. जो तपासणी न करता मशीन विकतो त्याच्यावर मेसेजमधला राग मला मान्य आहे. पण पैशांसाठी ऑनलाइनकडे वळायची गरज नाही. एम.वाय. रुग्णालयात नाक-कान-घसा विभाग आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण येतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात आणि मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत कॉक्लियर इम्प्लांटही. मध्य प्रदेशाची मुख्यमंत्री बाल श्रवण योजना वेगळी आहे. मात्र जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या इम्प्लांटसाठी एडिपमध्ये वयाची मर्यादा 5 वर्षं आहे. घरात चार-साडेचार वर्षांचं मूल असेल आणि हाक मारल्यावर वळत नसेल, तर सुट्टी संपायची वाट न बघता याच आठवड्यात तपासणी करून घ्या.