नानांचा मोगरा

आज सकाळी सहाला दार उघडलं, तर तिसऱ्या मजल्यावरचे नाना माझ्या मोगऱ्यात उभे. एका हातात टोकाला तार वाकवून बांधलेली काठी, दुसऱ्या मनगटाला किराणा दुकानाची पिशवी. मला बघून दचकतील, निदान पिशवी मागे घेतील, तर तसं काहीच नाही.

"ये, ये," म्हणाले. माझ्याच फाटकाच्या आत, मलाच.

आम्ही तळमजल्यावर राहतो. पुण्यातल्या जुन्या सोसायटीत तळमजला म्हणजे डास, वरच्यांचे पडलेले चिमटे आणि भिंतीलगतची हातभर माती. त्या मातीवर आणि काही कुंड्यांवर माझा जीव आहे. त्यातही बटमोगऱ्यावर जास्त. मोगरा फुकट फुलत नाही. थंडीत त्याला निर्दयपणे छाटायचं, उरलेली पानं ओढून काढायची, पाणी तोडायचं. मग शेणखत घालून पाणी सुरू केलं की नवी फूट येते, आणि कळी धरते ती त्या नव्या फुटीलाच. जानेवारीत त्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, तेव्हा हेच नाना कंपाउंडवरून डोकावून म्हणाले होते, "मेलं वाटतं. उपटून टाक, जागा तरी मोकळी होईल."

त्याच मेलेल्या झाडाच्या टपोऱ्या कळ्या आता पिशवीत पडत होत्या.

"नाना, कळ्या आहेत त्या. संध्याकाळी उमलतात."

"देवापुढे उमलतील की."

"पण मला लागणार होत्या. आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे आमच्याकडे."

"मग ठेवल्यात ना तुला," असं म्हणून त्यांनी काठीनेच एक फांदी दाखवली. तिच्यावर तीन कळ्या होत्या. त्यातल्या एकीला भोक होतं.

"विचारायचं तरी होतं."

"सहा वाजता बेल वाजवू? तुझी झोपमोड नको म्हणून तर फाटकाची कडीसुद्धा आवाज न करता काढतो मी. रोज."

त्या 'रोज'वर मी काही बोलणार, तोवर नाना जास्वंदीकडे वळले होते. "पिठ्या ढेकूण झालाय बघ हिच्यावर. देवाला असली फुलं वाहायची का?" मी निंबोळी तेल फवारते म्हटल्यावर म्हणाले, ते फवारू नकोस, त्याचा वास वर आमच्या हॉलपर्यंत येतो. नंतर त्यांनी पुढच्या वर्षाची मागणी नोंदवली. मंगळवारी गणपतीला लाल जास्वंद मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोमवारी शंकराला पांढरं फूल लागतं, तेव्हा एक तगर लावून टाक. शनिवारचा मारुती राहतो, पण रुई ते नाल्याच्या कडेची आणतील. "तुझ्यावर सगळा भार नको," म्हणाले.

"नाना, तुमच्या गॅलरीत एक कुंडी का नाही ठेवत?"

"छे गं. मातीने फरशी खराब होते. आणि रोज पाणी कोण घालणार?"

आपल्याकडे पहाटे फिरायला निघणाऱ्यांत ही एक वेगळी जमात आहे. ही माणसं दुकानातून काडेपेटी न विचारता उचलणार नाहीत, रिक्षावाल्याशी सुट्या दोन रुपयांसाठी भांडतील, पण दुसऱ्याच्या कुंपणात कोपरापर्यंत हात घालताना त्यांना काही वाटत नाही. कारण पिशवीवर देवाचं नाव आहे. खत माझं, कंबरदुखी माझी, मे महिन्यात टँकर येतो तेव्हा भाजी धुतलेलं पाणी जपून घालणारी मी, आणि पुण्य मात्र तिसऱ्या मजल्यावर जमा. चोराला निदान पळावं तरी लागतं! या लोकांचं वागणं एका पारिजातकाने ओळखलं असावं. तो फुलं स्वतःच रस्त्यावर टाकून मोकळा होतो. मी सेक्रेटरींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "अहो, देवासाठीच नेतात ना?" 'फुले तोडू नयेत' अशी पाटीही लावून पाहिली. तोडायला दोन्ही हात लागले की नाना पिशवी त्या पाटीला अडकवतात.

असो. मी केकला लागले.

चैत्रगौरीपुढे आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे असतात तसा आमच्याकडे आंब्याचा रवा केकही असतो. सासूबाईंनी पहिल्या वर्षी भुवया उंचावल्या होत्या, आता त्या दुसरा तुकडा मागतात. ओव्हन माझ्या आईचा, तो गोल अॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. त्याला तापमान वगैरे कळत नाही. चालू आणि बंद, दोनच गोष्टी कळतात. रवा, दही आणि हापूसचा रस भिजवून ठेवायचा, ओव्हन तापवायचा आणि सोडा अगदी शेवटी घालायचा. सोडा दह्याला भेटला की लगेच बुडबुडे सुटतात, आणि ते जिवंत असेतो मिश्रण ओव्हनमध्ये गेलं पाहिजे.

सोडा घातला आणि बेल वाजली. दारात नाना. हातात प्रसाद: चार खडीसाखरेचे खडे आणि माझ्याच दोन कळ्या.

"केक का? अंडं नाही ना त्यात?"

"नाही."

"मग फुगणार कसा?"

मी "सोडा" म्हटलं, तेवढी ठिणगी चूल पेटायला पुरली. सोड्याने हाडं कशी ठिसूळ होतात, त्यांच्या मेहुण्याचा गुडघा, कॅम्पातल्या बेकरीतला पूर्वीचा मावा केक आणि आताचा, आणि हापूस रसात घालवणं हा कसा गुन्हा आहे. मी मधेमधे स्वयंपाकघराकडे बघत होते. तिकडे बुडबुडे एकेक करून जीव सोडत होते.

केक मधोमध खचला. तो बाहेर काढला तेव्हा वास आला म्हणून नाना जिन्यातून पुन्हा डोकावले आणि म्हणाले, "बसला वाटतं. मी म्हटलं नव्हतं?"

संध्याकाळी हळदीकुंकवाला गजरे मी मंडईतून विकत आणले. घासाघीस केल्यावर गजरेवालीने चार रुपये वाढवूनच सांगितले. सगळ्यांत शेवटी नानांची बायको, म्हणजे काकू, आल्या. अंबाड्यावर तीनपदरी भरगच्च गजरा, आत्ताच उमललेला.

"देवाला वाहिला नाही का, काकू?"

"दोन वाहिली की. बाकीची कशाला वाया घालवायची?" त्यांनी माझ्या ताटातला मंडईचा गजरा उचलून नाकाशी धरला आणि खाली ठेवला. "विकतच्याला वासच नसतो बाई. हा आमचा घरचा."

मी हळदकुंकू लावलं, हरभऱ्यांनी ओटी भरली, आणि केकचा मधला, सगळ्यात खचलेला तुकडा शोधून त्यांच्या बशीत घातला.