रिचार्ज म्हणजे खर्च नव्हे : फास्टॅगच्या हिशेबाविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

व्यापाऱ्यांच्या आणि वाहतूकदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर टोलच्या हिशेबाविषयी एक संदेश वारंवार फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : फास्टॅग आल्यापासून रोखीच्या पावत्या संपल्या आणि टोलचा वेगळा हिशेब ठेवण्याची गरज उरलेली नाही, टॅग रिचार्ज केल्याची बँकेतली नोंद हाच खर्चाचा पुरावा, टोलवरचा जीएसटी परत मिळतो, स्टेटमेंट हवे तेव्हा काढता येते, म्हणून आत्ता काही जपायला नको, आणि ज्याला एवढाही त्रास नको असेल त्याने वार्षिक पास घ्यावा, म्हणजे वर्षाचा हिशेब एका ओळीत संपतो. मी कोल्हापुरात लहान उद्योगांची हिशेबाची कामे पाहतो, आणि हा संदेश मला माझ्याच अशिलांकडून चार वेळा आला आहे. त्यातला प्रत्येक दावा ऐकायला सोयीचा आहे, म्हणूनच तो एकेक करून तपासायला हवा.

पहिला दावा रिचार्जचा. रिचार्ज केल्याने पैसे खर्च होत नाहीत, ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात. टॅगच्या वॉलेटमधली शिल्लक गाडी नाका ओलांडेपर्यंत तुमचीच असते, त्यामुळे हिशेबात ती आगाऊ दिलेली रक्कम ठरते. योग्य नोंद दोन टप्प्यांची आहे. रिचार्ज करताना फास्टॅग खाते नावे आणि बँक जमा. नाका ओलांडल्यावर टोल खर्च नावे आणि फास्टॅग खाते जमा. 29 मार्चला 10,000 रुपये भरले आणि 31 मार्चपर्यंत त्यातले 1,400 कापले गेले, तर त्या वर्षाचा खर्च 1,400 आहे आणि 8,600 ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जातात. टॅग घेताना भरलेली सुरक्षा ठेवही परत मिळणारी असते, त्यामुळे तीही खर्चात बसत नाही. मला मिळणाऱ्या खतावण्यांत ही ठेव हमखास ‘टोल’ या शीर्षकाखाली सापडते, आणि टॅग बंद करून ती परत आली की तिचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही.

आपोआप रिचार्जची सोय घेतलेल्यांकडे गोंधळ आणखी वाढतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2024 मध्ये फास्टॅगच्या अशा भरण्याला आगाऊ सूचनेच्या अटीतून सूट दिली. तेव्हापासून शिल्लक ठरावीक रकमेच्या खाली गेली की बँकेतून पैसे निघून जातात, आणि बँकेच्या पुस्तकात महिनाभर एकसारख्या रकमांची रांग दिसते. त्या रांगेत ना नाक्याचे नाव असते ना गाडी कुठे गेली याचा पत्ता.

यावर संदेशाचे समर्थक म्हणतात की मग टॅगचे स्टेटमेंट घ्या, त्यात सगळे असते. बरेच असते, हे खरे. गाडीचा क्रमांक, नाक्याचे नाव, टॅग वाचला गेल्याची वेळ, व्यवहार खात्यात नोंदल्याची वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक एवढे त्यातून मिळते. पण ही प्रवासाची नोंद आहे, प्रवासाच्या कारणाची नव्हे. आणि प्राप्तिकराचा प्रश्न कारणाचा असतो. 1961 च्या कायद्याचे कलम 37 असो की 1 एप्रिल 2026 पासून त्याची जागा घेणारा 2025 चा कायदा, खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा ही कसोटी तीच आहे. गेल्या वर्षी एका फौंड्रीच्या मालकांसमोर मी त्यांच्याच गाडीचे स्टेटमेंट ठेवले. शनिवारी सकाळी कोगनोळी, मग हत्तरगी; रविवारी रात्री उलट्या क्रमाने तेच दोन नाके. बेळगावात त्यांचे ग्राहक आहेत, आणि बेळगावच्या पुढे गोवाही आहे. नोंद सहा महिन्यांपूर्वीची होती. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, घरी फोन केला, आणि तरीही ती फेरी कामाची होती की सहलीची हे त्यांना सांगता आले नाही. शेवटी ती रक्कम आम्ही मालकाच्या वैयक्तिक उचलीत टाकली. त्याच दिवशी गाडीच्या फेरीवहीत ‘बेळगाव, नमुने दाखवणे’ एवढे तीन शब्द लिहिले गेले असते, तर तेवढ्यावर भागले असते.

स्टेटमेंट वाचण्यासाठी नियम ठाऊक असावे लागतात, हा मुद्दा तर संदेशात कुठेच नाही. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम 2008 प्रमाणे एखाद्या नाक्यावरून 24 तासांच्या आत परतल्यास जाण्यायेण्याचे मिळून एकेरी दराच्या दीडपट शुल्क लागते. फास्टॅगमध्ये ही सवलत परतीच्या वेळी निम्मी रक्कम कापून दिली जाते. आता कोल्हापूर–पुणे हीच फेरी घेऊ. सोमवारी गाडी किणीला साडेआठला, तासवड्याला 9:40 ला, आनेवाडीला 10:40 ला आणि खेड शिवापूरला दुपारी 12 ला पोहोचली. मंगळवारी परतताना खेड शिवापूर 9:15 ला, आनेवाडी साडेदहाला, तासवडे साडेअकराला आणि किणी 12:40 ला ओलांडले. खेड शिवापूरला सव्वाएकवीस तासच झाले होते, म्हणून तिथे निम्मे शुल्क लागले. आनेवाडीची सवलत दहा मिनिटांनी वाचली. तासवडे आणि किणी येथे मात्र 24 तास उलटून गेल्यामुळे पूर्ण शुल्क कापले गेले. एकाच फेरीत दोन नाक्यांवर निम्मे आणि दोन नाक्यांवर पूर्ण, असे स्टेटमेंट पाहिले की नवखा हिशेबनीस एक तर ‘बँकेने चूक केली’ म्हणून तक्रार करतो, नाही तर ‘सरासरी’ काढून मोकळा होतो. या ठिकाणी दोन्ही चूक आहे. खरी चूक झालेली असते तेव्हा, म्हणजे 24 तासांच्या आत परतूनही पूर्ण रक्कम कापली जाते किंवा वाहनाचा वर्ग चुकीचा धरला जातो तेव्हा, ती पकडायला हीच आकडेमोड उपयोगी पडते. मोटार आणि ट्रक यांचे वर्ग वेगळे आहेत, आणि वर्ग चुकला की प्रत्येक नाक्यावर चुकतो. असा फरक टॅग देणाऱ्या बँकेकडे व्यवहार क्रमांकासह लगेच मांडावा लागतो. वर्षअखेरीस एकत्र आठवून चालत नाही.

समृद्धी महामार्गावर आणखी निराळे गणित आहे. तिथे प्रवेश आणि निर्गम यांतल्या अंतरानुसार टोल लागतो, म्हणून लांबचा प्रवास एकाच मोठ्या रकमेच्या ओळीत येतो, तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा टोल खालापूर आणि तळेगाव अशा दोन ओळींत विभागून येतो. ओळी मोजून फेऱ्या मोजणाऱ्याची फसगत इथे ठरलेलीच आहे.

जीएसटीचा दावा सर्वांत जास्त पसरला आहे आणि त्याचे उत्तर सर्वांत लहान आहे. टोल भरून रस्ता किंवा पूल वापरू देण्याची सेवा 28 जून 2017 च्या अधिसूचना 12/2017 मधील नोंद क्रमांक 23 नुसार करमुक्त आहे. कर भरलेलाच नसल्याने परत मिळण्याजोगे काही नाही. टॅगच्या किमतीवर किंवा रिचार्ज करणाऱ्या ॲपच्या सेवाशुल्कावर कर असू शकतो, पण तो त्या बिलापुरता, आणि ते बिल वेगळे मिळवावे लागते. टोलच्या एकूण रकमेतून ‘18 टक्के आत धरून’ क्रेडिट (परत मिळणारा कर) काढणारी एक तयार एक्सेल फाइलही या संदेशाबरोबर फिरते. ती वापरणाऱ्याने चुकीचे क्रेडिट व्याजासह परत भरण्याची तयारी ठेवावी.

जीएसटीचा खरा प्रश्न दुसरीकडे आहे आणि संदेश त्याबाबत गप्प आहे. तुम्ही ग्राहकाकडून टोल वसूल करत असाल, तर टोल करमुक्त असला तरी तुमच्या बिलातली ती रक्कम आपोआप करमुक्त होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आनुषंगिक खर्च सेवेच्या मूल्यात धरले जातात. नियम 33 मधील ‘प्युअर एजंट’च्या (ग्राहकाच्या वतीने केवळ पैसे भरणाऱ्याच्या) अटी पूर्ण झाल्या, म्हणजे ग्राहकाने तशी संमती दिली असली, रक्कम बिलात वेगळी दाखवली असली आणि प्रत्यक्ष दिली तेवढीच घेतली असली, तरच ती वगळता येते. ‘तेवढीच’ हे दाखवायला नाकानिहाय नोंद लागते, आणि रिचार्जच्या नोंदीवरून ती मिळत नाही.

स्टेटमेंट केव्हाही काढता येते, हा दावा फेब्रुवारी 2024 मध्ये ज्यांनी अनुभव घेतला ते तरी पुढे पाठवणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे 15 मार्च 2024 नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या फास्टॅगमध्ये पैसे भरणे बंद झाले आणि असंख्य गाड्यांना दुसऱ्या बँकेचे टॅग लावावे लागले. एका गाडीला एकच टॅग हे धोरण असल्याने नवा टॅग आला की जुना बंद होतो. त्या आर्थिक वर्षाचा हिशेब अशा रीतीने दोन बँकांत विभागला गेला, आणि जुन्या ॲपमध्ये शिरायला लागणारा मोबाइल क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या चालकाच्या नावावर असल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. जीएसटी कायद्याप्रमाणे कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने, आणि कंपन्यांना कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. एवढा काळ तुमची बँक, तुमचा टॅग, तुमचा मोबाइल क्रमांक आणि तुमची गाडी यांतले काहीच बदलणार नाही असे धरून चालणे धाडसाचे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मागच्या महिन्याचे स्टेटमेंट पीडीएफ आणि एक्सेल अशा दोन्ही रूपांत उतरवून, गाडीचा क्रमांक आणि महिना फाइलच्या नावात घालून ठेवायला गाडीमागे पाच मिनिटे लागतात. एसएमएसवर विसंबू नये, कारण तो कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. 31 मार्चला रात्री 11:50 ला ओलांडलेला नाका 1 एप्रिलच्या तारखेने नोंदला जाऊ शकतो. तिथे टॅग वाचल्याची वेळ प्रमाण धरावी.

रोखीच्या पावत्या संपल्या, हेही अर्धसत्य आहे. 15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर वैध टॅग नसलेल्या गाडीला रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट शुल्क असा नियम आला. टॅग काळ्या यादीत गेला की चालक खिशातून पैसे भरतो आणि पावती घेऊन येतो. तिची वेळ स्टेटमेंटशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण तोच नाका दोनदा लागण्याची शक्यता इथेच असते. जादा भरलेली रक्कम वेगळ्या शीर्षकाखाली ठेवली, तर कोणाच्या हलगर्जीपणाने किती गेले ते दिसते. विक्री प्रतिनिधींच्या प्रवासखर्चात आजही मोटारीसाठी वाशी किंवा मुलुंडच्या नाक्याचा टोल लिहिलेला आढळतो. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून टोलमाफी आहे. जुना नमुना कॉपी होत राहतो, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. पण तपासनीस तो अर्थ लावेलच असे नाही.

वार्षिक पासबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती योजना चांगली आहे आणि म्हणूनच तिच्याविषयीचा गैरसमज टिकतो. 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत सुरू झालेला हा पास एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांतले जे आधी संपेल तोवर चालतो. तो केवळ खासगी, अव्यावसायिक मोटार, जीप व व्हॅनसाठी आहे. टेंपो, ट्रक आणि पिवळ्या पाटीची गाडी यांना तो मिळत नाही, म्हणजे ज्यांचा टोलखर्च खरोखर मोठा आहे त्यांचा प्रश्न तिथेच राहतो. इथे फेरी म्हणजे साधारणपणे एक नाका ओलांडणे. कोल्हापूरहून पुण्याला जाऊन येण्यात आठ नाके लागतात, तेव्हा 200 फेऱ्या म्हणजे पंचवीस वेळा जाऊन येणे. आठवड्यातून एकदा पुण्याला जाणाऱ्याचा पास सहा महिन्यांत संपतो. शिवाय तो मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर किंवा अटल सेतूवर चालत नाही. त्यामुळे त्याच टॅगच्या स्टेटमेंटमध्ये काही ओळी शून्य रुपयांच्या आणि काही वॉलेटमधून कापलेल्या असतात.

त्या शून्याच्या ओळीच जपण्यासारख्या आहेत. पासाची सुरुवातीची 3,000 रुपयांची रक्कम 200 फेऱ्यांत विभागली तर एका नाक्याला 15 रुपये पडतात. अशा गाडीने ग्राहकाच्या कामाला गेल्यावर बिलात नाक्याचा छापील दर लावला, तर ‘प्रत्यक्ष खर्च’ हा शब्द खोटा ठरतो. कर्मचारी स्वतःच्या पासावर फिरून कंपनीकडून पूर्ण टोल घेत असेल, तर तोही खर्च प्रत्यक्षात झालेला नसतो. आणि गाडी घरकामालाही वापरली जात असेल, तर पासाच्या रकमेपैकी व्यवसायाचा वाटा किती हे कामाच्या फेऱ्या मोजूनच सांगता येते.

एका वर्गाला मात्र या संदेशातले काही अंशी लागू पडते, ते मान्य करायला हवे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेला आणि अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीप्रमाणे (1961 च्या कायद्यात कलम 44एई) उत्पन्न दाखवणारा वाहतूकदार हलक्या गाडीमागे महिना 7,500 रुपये, किंवा 12 टनांवरील गाडीसाठी महिना टनामागे 1,000 रुपये उत्पन्न धरतो, आणि त्यातून डिझेल किंवा टोल वेगळा वजा मागता येत नाही. त्याला प्राप्तिकरासाठी नाकानिहाय हिशेब लागत नाही. भाडे ठरवताना कोल्हापूर–भिवंडी फेरीला टोल किती पडतो हे त्याला विचारून पाहा. तो फेरीवही उघडतो.