सांडगी मिरची आणि सोलापूरचे ऊन
गच्चीवरच्या कुंड्यांतील मिरच्या वर्षभरासाठी वाळवून ठेवाव्यात, असा सल्ला एका लेखात वाचला आणि तो मला मनापासून पटला. मात्र आमच्या सोलापुरात त्यासाठी लागवडीची वेळ फार जपावी लागते. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की मिरचीची फुले गळू लागतात, म्हणून आम्ही रोपे सप्टेंबरमध्येच लावतो. पुढे तेच ऊन कामी येते: देठासकट मिरचीला उभी चीर देऊन, मेथीपूड, हिंग व मीठ भरून ती रात्रभर आंबट ताकात ठेवायची आणि दिवसा पातळ कापडाखाली वाळवायची, ती अगदी मोडताना कट्‌कन आवाज येईपर्यंत. किंचितही ओल राहिली, तर बुरशी धरते. गेल्या वर्षी आमची अख्खी बरणी अशीच टाकावी लागली, याची अजून हळहळ वाटते.